सोपं आहे म्हणे!

कळसच्या माणसाला विमानाचं कौतुक नाही. बारामतीच्या विमानतळावर पायलट व्हायला आलेली पोरं शिकतात आणि त्यांची पंख्याची छोटी विमानं इंदापूर तालुक्याच्या माळावर घरघरत असतात. शेरडं राखणारा पोरगा मान वरसुद्धा करत नाही. २०२२च्या जुलैमध्ये तालुक्यातल्याच कडबनवाडीत असं एक शिकाऊ विमान शेतात कोसळलं. पायलट मुलगी सुदैवानं थोडक्यात बचावली. त्यानंतर महिनाभर आमच्याकडं चहाच्या टपरीवर बसलेला प्रत्येक जण विमानाच्या इंजिनावर बोलत होता.

म्हणजे विमानाचं पोट आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. आतली बाजू फार थोड्यांनी. माझ्या आईनं ती वयाच्या चोपन्नाव्या वर्षी पाहिली, २०२५च्या एप्रिलअखेरीस. पुणे ते बेंगळुरू, एकटीनं. वडील आले नाहीत, कारण दोघंही गेले तर गाईंच्या धारा कोण काढणार? ताईला सातवा महिना होता, डोहाळजेवण तिच्या बेंगळुरूच्या घरीच करायचं ठरलं होतं. मी त्याच शहरात सॉफ्टवेअरची नोकरी करतो, त्यामुळं तिकीट काढणं आणि आईला ‘तयार करणं’ हे काम माझ्याकडं आलं. ते मी कसं केलं, त्याबद्दल हा लेख आहे. ज्यांच्याकडून मी शिकलो त्यांच्याशी माझं भांडण आहे, आणि त्यात मीही येतो.

आदल्या आठवड्यात मी मोबाइलवर ‘पहिला विमानप्रवास टिप्स’ असं मराठीत टाइप केलं. धबधबा आला. खिडकीची सीट कशी मिळवाल. मानेची उशी कुठली घ्याल. केबिनमध्ये हवा कोरडी असते, तेव्हा मॉइश्चरायझर विसरू नका. थरावर थर कपडे घाला. हेडफोन आवाज बंद करणारे घ्या. चाकं टेकली की लगेच उभे राहू नका, बघणाऱ्याला कळतं की तुम्ही नवखे आहात. टाळ्या वाजवू नका. तीव्र वासाचे पदार्थ उघडू नका. सगळं हसत-खेळत, जागोजागी डोळा मारणारी इमोजी, आणि शेवटी ठरलेलं वाक्य: विमानप्रवास खूप सोप्पा आहे! त्याच पानावर खाली, ‘हेही वाचा’मध्ये, उन्हाळ्याच्या संध्याकाळी पंधरा मिनिटांत होणारा झटपट पास्ता. तोही खूप सोप्पा.

मी आईला अकरा व्हॉइस मेसेज पाठवले. त्यातला सातवा मी नंतर पुन्हा ऐकला आणि डिलीट केला. त्यात मी म्हणत होतो, ‘आई, डबा आणलास तरी तिथं उघडू नको. चटणीचा वास येतो. लोक बघतात.’

लोक बघतात! या दोन शब्दांशिवाय त्या पानभर टिप्समध्ये दुसरं काही नव्हतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

आई पहाटे चारला मामाच्या गाडीतून कळसहून निघाली. दुपारी एकच्या सुमारास बेंगळुरूला बाहेर आली. मी तिला घ्यायला गेलो होतो. टॅक्सीत बसलो, गाडी हायवेला लागली, आणि पिशवीतला डबा मांडीवर घेऊन तिनं मला हळूच विचारलं, ‘आता खाल्लं तर चालंल का रं?’ भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि चिरलेला कांदा. नऊ तास तिनं ते जवळ बाळगलं होतं, मी सांगितलं म्हणून. तिच्या शेजारच्या सीटवरचा माणूस विमानात विकत घेतलेले नूडल्स खात होता, असंही तिनं सांगितलं. त्याचाही वास येतोच. पण तो वास विकत घेतलेला असतो, त्याला टिप लागत नाही.

दुसरी गोष्ट मला रात्री कळली, आणि ती आईनं नाही, ताईनं सांगितली. आईनं ओटीसाठी विहिरीवरच्या झाडाचा नारळ आणला होता. ओटीचं सामान कोण मोठ्या बॅगेत टाकतं? ते हातातल्या पिशवीत होतं. तपासणीच्या यंत्रातून पिशवी गेली, बाजूला काढली गेली, जवानानं हिंदीत काहीतरी विचारलं. आईनं मराठीत सांगितलं, ‘लेकीच्या ओटीचा हाय.’ त्यानं हात जोडून ‘माताजी, नहीं चलेगा’ म्हटलं. त्याची काही चूक नव्हती, नियमच तसा आहे. आईनं नारळ कपाळाला लावला आणि तिथल्या ट्रेमध्ये ठेवला. खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी परत पिशवीत बांधली. मागं रांग होती.

नारळ केबिनमध्ये नेता येत नाही, ही बातमी काही गुप्त नाही. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये शबरीमलाच्या यात्रेकरूंना त्यातून मोसमापुरती सूट मिळाली, तेव्हा ती छापूनही आली होती. सुकं खोबरं तर २०२२पासून मोठ्या बॅगेतही चालत नाही, कारण त्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं. मग मराठीत लिहिलेल्या एवढ्या ढीगभर टिप्समध्ये नारळ का नाही? महाराष्ट्रातून निघालेल्या बाईच्या पिशवीत मॉइश्चरायझरपेक्षा नारळ सापडण्याची शक्यता कितीतरी जास्त. त्या टिप्स लिहिणाऱ्यासमोर ही बाईच नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. भाषा मराठी, लिपी देवनागरी, आणि ज्याच्याशी बोलायचं तो माणूस मात्र तिसऱ्याच देशातून सुट्टीवर निघालेला. ‘लेयर्स घाला’ म्हणे. एप्रिलमध्ये इंदापूर तालुक्यात अंगावर एक थर सहन होत नाही.

आमच्या धंद्यात याला एक नाव आहे, ‘हॅपी पाथ’. सगळं सुरळीत चाललं, वापरणाऱ्यानं आपण मनात धरलेलीच बटणं दाबली, तर प्रोग्रॅम कसा चालेल तो रस्ता. कच्चा इंजिनिअर तेवढंच तपासतो आणि ‘झालं’ म्हणतो. मग खरा माणूस येतो. त्याच्या आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं असतं आणि आपल्या फॉर्ममध्ये दोनच चौकटी असतात. माझ्या आईच्या तिकिटावर पाच मिनिटं गेली ती याच भानगडीत. लग्नाआधीचं नाव, नंतरचं नाव, कागदावर एक आणि हाक मारायला दुसरं: महाराष्ट्रातल्या निम्म्या बायकांची ही कथा. टिप्समध्ये त्यावर एक ओळ नाही. पाच वर्षं याच चुका मी कोडमध्ये शोधतोय आणि पगार घेतोय. घरच्या माणसाला सांगायची वेळ आली तेव्हा मीसुद्धा हॅपी पाथच वाचून दाखवला.

यावर उत्तर ठरलेलं आहे, मला माहीत आहे. ‘अरे, हलकंफुलकं लिहिलंय, एवढं काय मनावर घ्यायचं?’ मला हलकंफुलकं आवडतं. पण विनोद कुणाला मारतोय हे बघायला नको का? टाळ्या वाजवणारा, लवकर उभा राहणारा, डबा उघडणारा, खिडकीतून फोटो काढणारा, सीटबेल्ट उघडत नाही म्हणून बावरलेला. या सगळ्या टिप्समधला विनोदाचा धनी एकच: पहिल्यांदा बसलेला माणूस. आणि हसणारा कोण, तर ज्याला बसून चार वर्षं झाली तो. मी स्वतः २०१९ला कंपनीच्या इंटरव्ह्यूसाठी पहिल्यांदा बसलो, तेव्हा सीटवरची एअर हवी तशी फिरेना म्हणून दोन तास थंडीनं कुडकुडत बसलो होतो. विचारायची लाज वाटली. आता मी रील्स पुढं पाठवतो, त्यात गावाकडचे आजोबा विमानात चप्पल काढून बसलेले असतात आणि खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग असते. चप्पल काढून बसलेत! आपल्याकडं ज्या जागेचा मान ठेवायचा तिथं चप्पल काढतात, एवढंही त्या हसणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

चपलेवरून आठवलं. २०१७च्या एप्रिलमध्ये शिमल्याला ‘उडान’ योजनेचं पहिलं विमान सुटलं, तेव्हा हवाई चप्पल घालणारा माणूसही विमानात दिसला पाहिजे असं पंतप्रधान म्हणाले होते. तो माणूस दिसायला लागला आहे, हे खरंय. पुण्याला २०२४मध्ये नवं टर्मिनल सुरू झालं, तिथं फेटेवाले, नऊवारीवाल्या रोज दिसतात. २०१८च्या डिसेंबरमध्ये सुरेश प्रभू विमान वाहतूक मंत्री असताना घोषणा आधी स्थानिक भाषेत कराव्यात अशी सूचनाही निघाली. मधल्या काळात अनेक विमानतळ ‘सायलेंट’ झाले, घोषणाच बंद. आता पाटीकडं बघायचं. पाटीवर गेट बदललं, तर वाचणाऱ्याला कळतं. या जागी मराठीत लिहिणाऱ्याचं काम सुरू होतं की नाही? नेमकं इथं तो मानेच्या उशीबद्दल लिहितो.

बरं, आई प्रवासात कच्ची आहे असंही नाही. बारामती स्टँडवर गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणं, कंडक्टरकडून सुट्टे न विसरता वसूल करणं, रात्रीच्या वस्तीच्या गाडीत कुणाशेजारी बसावं आणि कुणाशेजारी नाही हे एका नजरेत ठरवणं: यातलं मला काहीही येत नाही. पण त्याला कुणी ‘ट्रॅव्हल हॅक’ म्हणत नाही. एसटीत तिला काही अडलं तर ती ओरडून विचारते आणि दहा जण उत्तर देतात. विमानतळावर ती ओरडून विचारत नाही. मीच तिला तसं सांगून ठेवलं होतं.

तर मग सरळ सांगावं असं काय आहे? फार नाही. तिकिटावरचं नाव ओळखपत्राशी जुळतंय का ते घरीच बघा. देशातल्या प्रवासात बहुतेक साध्या तिकिटांवर मोठी बॅग १५ किलो आणि हातातली ७ किलो, त्यामुळं धान्याची पिशवी घरच्या काट्यावर ठेवून बघा. बॅगा घेणारा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, तिथं कंडक्टरसारखी बेल मारून कुणी थांबवत नाही. मोबाइल चार्ज करायची पॉवर बँक हातातल्याच बॅगेत. अडकित्ता, विळी, सुरी मोठ्या बॅगेत. पान खाणाऱ्या आजींना हे आधी सांगा, नाहीतर चंची रिकामी होईल. उदबत्ती न्या, काडेपेटी नको. सुकं खोबरं घरी ठेवा. डबा न्या आणि भूक लागली की खा. पहिल्यांदा एकटं जाणाऱ्या वयस्कर माणसाला सोबत हवी असेल तर विमान कंपनीला आधी कळवा. आणि कळलं नाही तर विचारा, मराठीतून विचारा. लोडर, सफाईवाल्या मावशी, सीआयएसएफचा एखादा जवान, कुणीतरी आपल्याकडचं निघतंच. एवढं लिहायला मला चार मिनिटं लागली.

आता पास्ता. तो मी त्याच रात्री केला. ताईकडं गर्दी होती म्हणून आई माझ्याकडं झोपायला आली, आणि मला तिला दाखवायचं होतं की पोरगं स्वतःचं करून खातं. कृती त्या ‘हेही वाचा’चीच. चार पिकलेले टोमॅटो बारीक चिरायचे, मीठ, ठेचलेला लसूण आणि तेल घालून अर्धा तास तसेच ठेवायचे, शिजवायचे नाहीत. मोठ्या भांड्यात भरपूर पाणी, दोन चमचे मीठ, खळखळ उकळलं की पास्ता, दहा मिनिटांनी निथळून गरम-गरमच टोमॅटोत टाकायचा. उन्हाळ्यात गॅससमोर उभं राहावं लागत नाही, हे खरंय. कृतीत ऑलिव्ह ऑइल, बेझिल आणि चेरी टोमॅटो होते. माझ्याकडं शेंगदाणा तेल, कोथिंबीर आणि साधे टोमॅटो होते. चव चांगली आली. मी पास्त्याच्या विरोधात नाही, हे इथंच स्पष्ट करतो.

आई ओट्याशी उभी राहून बघत होती. मी पाणी निथळायला लागलो तेव्हा म्हणाली, ‘ह्या कुठं करून आणल्या?’

तिला पाकीट दाखवलं. तिनं एक कच्चा तुकडा दातानं मोडला, आतला पिवळा रंग उजेडात धरून बघितला. ‘बन्सीचा रवा हाय ह्यो.’

मी हसलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून शोधलं तेव्हा हसू मावळलं. पास्त्याचा डुरम गहू म्हणजे आपल्याकडचा बन्सीच. दाणा टणक, काचेसारखा, पिवळसर. रवा शिजून लगदा होत नाही, म्हणून शेवयांना तोच लागतो आणि पास्त्यालाही. आणि या गव्हाचे वाण तयार करणारी आघारकर संशोधन संस्था पुण्यात, तिचं शेत बारामती तालुक्यातल्या होळ गावात. एमएसीएस ३९४९, एमएसीएस ४०२८ हे तिथले डुरमचे वाण. ती अक्षरं ‘महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या १९४६ साली पुण्यात सुरू झालेल्या संस्थेची. आमच्या घरापासून तासा-दीड तासाच्या रस्त्यावर. मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, बारामतीला शेकडो वेळा गेलो, आणि पास्त्याचा गहू कुठला हे मला आईनं दातानं मोडून सांगितलं.

‘पंधरा मिनिटांत’ या शब्दांवर माझा आक्षेप आहे तो इथं. घड्याळ कधी सुरू केलं? पाकीट फोडल्यावर. गहू ओलवणं, दळणं, रवा काढणं, चाळणं, मळणं, साच्यातून काढणं, वाळवणं हे सगळं कारखान्यात झालं, ते मोजलं नाही. मग शेवयांचं घड्याळ मात्र गहू निवडण्यापासून का लावता? डब्यातल्या शेवया काढून उकळत्या पाण्यात टाकल्या तर तीन मिनिटांत निथळायला येतात. वर आंब्याचा रस नाहीतर दूध-गूळ, एक चमचा तूप. पंधरा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. सबंध महाराष्ट्र उन्हाळ्यात हेच करतो: दोन-चार दिवस राबून वर्षभराचं झटपट डब्यात भरून ठेवतो. लग्नाच्या रुखवतात मांडतात त्या गव्हले, मालत्या, नखुल्या, बोटव्या पाहिल्यात? कणकेचे हातानं वळलेले, वाळवून साठवलेले आकार. पास्त्याचे आकार पाठ करणाऱ्या आपल्या पिढीला त्यातले दोन तरी ओळखू येतात का? मला एक येतो.

पण थांबा. इथून पुढं लेख कुठं जातो हे तुम्हाला माहीत आहे, कारण असे लेखही ढिगानं आहेत. ‘आईच्या हातच्या शेवया, अंगणातली बाज, त्यावर टाकलेली साडी, काठीवर वाळणारे धागे, ते दिवस गेले.’ या लिखाणाचा मला टिप्सइतकाच कंटाळा आहे, कारण तेही लिहिणाऱ्याला खांदा दुखत नाही. मी आईला विचारलं होतं, पाटावरच्या शेवयांची आठवण येते का? ती म्हणाली, ‘कशाला येतीय? खांदं जात हुतं.’ आता ती रवा घेऊन गिरणीवर जाते, तिथं विजेच्या मशीनवर अर्ध्या तासात शेवया पडतात, ती पैसे देते आणि घरी येते. तिला मशीन हवंच होतं. तिला विमानही आवडलं, ढगाच्या वर ऊन असतं हे तिनं वडिलांना फोनवर तीनदा सांगितलं. सोपं झालेलं कुणाला नको असतं? फक्त आपलं घरचं सोपं ते ‘जुनाट’ आणि पाकिटातलं सोपं ते ‘स्मार्ट’, ही विभागणी तिनं केलेली नाही. ती आम्ही केली, इंग्रजीतून वाचून मराठीत उतरवणाऱ्यांनी. आणि ती करताना तिचा डबा बंद करायला लावला.

पास्ता तिनं खाल्ला. पहिल्या घासानंतर उठून पिशवीतून शेंगदाण्याचा कूट काढला, माझ्या ताटावरही घातला. सुधारला.

डोहाळजेवणाला नारळ ताईच्या घराखालच्या दुकानातून आणला. ओटी भरली गेली, कुणाचं काही अडलं नाही. विहिरीवरच्या झाडाचं नाव मात्र निघालं नाही, आईनं काढू दिलं नाही.

जूनमध्ये आमच्या शेजारच्या काकूंना लेकाकडं हैदराबादला जायचं होतं. त्यांच्या लेकानंही त्यांना टिप्सची लिंक पाठवली होती. काकू मोबाइल घेऊन आईकडं आल्या. आईनं त्यांना समोरासमोर सांगितलंच, पण विसरू नये म्हणून व्हॉइस मेसेजही करून दिला, तो तिनं चुकून मलाही पाठवला. दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा आहे, मागं गाय हंबरतेय. ‘...आणि नारळ हितनं नेऊ नगा, तिथं गेल्याव घ्या, दुकानात मिळतो. काडीपेटी नगा. पिशवी दोनदा तपासत्यात, घाबरायचं न्हाय, त्यांचं काम हाय त्ये. पाण्याची बाटली रिकामी न्या, आत भरून मिळती. भाकरी बांधून न्या, भूक लागल्याव खावा. पोरं काय बी सांगत्यात. खिडकीची सीट मागा पण. आणि वर गेल्याव कानात दडं बसत्यात, तवा तोंडात बडीशेप धरा... आरं थांब की गं, आली, आली...’